कबाबाची शेगडी आणि पांढरी राख

१२ सप्टेंबर १९८२, लातूर

आणली! जिल्हा नवा, साहेब नवे. जुन्या साहेबाच्या बंगल्यातलं भंगार बाहेर पडलं. त्यात ही कबाब भाजायची लोखंडी शेगडी. आम्ही लिंगायत, कबाब कसले! पण तिच्यावर वांगं काय भाजेल!

बायकोने, नीलम्माने, दारातच अडवलं. "कोंबडं भाजलंय त्यात! लिंगाची आण, असलं अशुद्ध घरात येणार न्हाई!"

शेगडी अंगणात.

१५ सप्टेंबर

शेगडीचे मोडके पाय जोडून आणले, बाहेरून काळा रंग दिला. नवी नवरी दिसतेय! आतून मात्र चरबीचे थर. खुरप्याने खरवडले, विटेच्या तुकड्याने घासले – ढिम्म. तांब्याभर पाणी मागितलं.

"पाऊस न्हाई, टँकरचा पत्ता न्हाई, आन् ह्यांना कोंबडीला आंघोळ घालायची!"

एवढं बोलली, ते शेवटचं.

१८ सप्टेंबर

अजून अबोला. ताट आदळते, बस्स. घर खायला उठतं. भरीत गेलं खड्ड्यात, मला तिची बडबड हवी आहे. परवा शेगडी भंगारात परत देतो.

२१ सप्टेंबर

देणार होतो. पण मोरीपाशी राखेच्या डबड्यात आज इतकी मऊ, पांढरी राख! म्हटलं, शेवटचा हात मारू. चिंधीने घासत सुटलो. चरबी निघाली! जाळी लखलखली!

२२ सप्टेंबर

सकाळी पूजेला बसलो. विभूतीचा डबा रिकामा! पळत मोरीपाशी गेलो, डबड्यात उरलेली राख हुंगली – कापराचा वास. शिवा शिवा! मठातली विभूती मी साहेबाच्या कोंबडीला फासली! डबे झाडताना चुकून राखेच्या डबड्यात ओतली गेली असणार.

घाबरत नीलम्माला सांगितलं. वाटलं, आता ही निलंग्याला माहेरी जाते. तिने शेगडीत बोट फिरवलं, कपाळाला लावलं.

"विभूती लागली म्हंजे शुद्ध झाली की. माझी आण बी मोडली न्हाई. जावा, वांगी आणा."

२३ सप्टेंबर

भरीत झकास! दोन भाकरी झाल्यावर जाळी घासायला उठलो, राख शोधली. चुलीची सगळी राख ज्वारीच्या कणगीमागे सापडली, वर नीट गोणपाट झाकलेलं.

"ही इथं कुणी लपवली गं?"

"गप खावा की अजून एक भाकर."