सोयर की सुतक?

९ फेब्रुवारी १९८३
आमची नवी मशिनं लावायला स्वीडनहून नीलसन आलाय. आज चहाला विचारतो, बायको कधी बाळंत होणार? म्हटलं, महिनाअखेर, सांगलीला, माहेरी. "मग तुझी रजा कधीपासून?" मला हसूच आलं! त्यांच्याकडे म्हणे बापालाही रजा मिळते, पगार देऊन, कित्येक महिने. तो स्वतः घरी बसून दुपटी धूत होता. इकडे बाईला तीन महिने. बापाला ठेंगा!

घरी आलो तर नंदिनीची साडी अजून दोरीवरच. काढवत नाही.

११ फेब्रुवारी
पर्सोनेलच्या रावसाहेबांकडे गेलो. माझी सगळी रजा नंदिनीच्या दवाखान्यात संपलीय. म्हटलं, साहेब, आपल्याकडेही मूल झालं की बापाला दहा दिवस सोयर असतंच की! तेवढी तरी द्या. म्हणाले, "मशिनला सोयरातला हात चालतो." बाहेर सगळे फिदीफिदी. आमचा फिटर गोटीराम, इथल्याच नावडे गावचा, पाठीवर थाप मारून म्हणाला, "बापूस मेला त सुटी हाय, पोर झाला त नाय!"

खरंच आहे. घरात मयत झालं तर कंपनी दहा दिवस देते, भरपगारी.

२ मार्च
तार आली. मुलगी! दोघी खुशाल! जिन्यातच वाचली. सांगायला कोणी नाही, सगळी दारं बंद. तार खिशात घालून थेट रावसाहेबांसमोर उभा राहिलो — "साहेब, वडील गेले."

तसं खोटं नाही. गेलेच आहेत, मी दोन वर्षांचा असताना. त्यांनी तार मागितली नाही. सही केली.

८ मार्च, सांगली
केवढीशी नखं असतात!

११ मार्च
उद्या निघायचं. खोटं निभवायला हवं म्हणून डोकं चकोट केलं. सासूबाईंनी कपाळावर हात मारला, "सोन्यासारखी लेक झाली आणि हे काय अभद्र!" नंदिनीने लेकीला पदराआड घेतलं. बारशाला मी नसणार.

१३ मार्च
वाशी. माझं चकोट बघून समोरच्या विमलबाई पिठलं-भात घेऊन आल्या. दोन वर्षांत कधी नाव विचारलं नव्हतं. "वडील फार आजारी होते का हो?" मान हलवली. तिकडे आता पाळणा म्हणत असतील, आणि मी सुतकाचं पिठलं गिळतोय. आणलेले पेढे कपाटात लपवलेत. इतकं एकटं या घरात कधी वाटलं नव्हतं.

१४ मार्च
कंपनीत सगळे माझ्याशी हळू बोलतात. नीलसनने हात दाबला. खरं सांगणार होतो. पण बाप मारून रजा घ्यावी लागते, हे त्याला कुठल्या इंग्रजीत सांगू?

१९ मार्च
रावसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं. "तुझी मुलाखत मीच घेतली होती. आईने एकटीने वाढवलं, म्हणाला होतास. चकोट मात्र जरा जास्तच झालं! माझ्या थोरल्याच्या वेळी मी मामा मारला होता." मग हळूच — "मुलगा की मुलगी?"

कंपनीत हे कुणी विचारलंच नव्हतं. "मुलगी, साहेब," म्हणेपर्यंत रडू फुटलं. बाहेरच्यांना वाटलं, वडिलांसाठी.