नेट आलं की सांगतो

९ जानेवारी

पुन्हा अडकलं. किमयाचा चेहरा अर्धाच आला आणि हात म्हणजे नुसता पांढरा फराटा.

ऐकू येणाऱ्यांचं बरं असतं. चित्र गेलं तरी आवाज येतो. आमच्या लेकीला जन्मापासून ऐकू येत नाही, तिचं सगळं बोलणं हातात. फोनवर हात गोठले की ती मुकी. एरवी तिला मुकी म्हणणाऱ्याला मी केरसुणीने झोडपीन.

तिला एवढंच विचारायचं होतं — बाबा, प्रविणशी लग्न करू ना? प्रविण नाशिकला तिच्याच हॉटेलात कामाला आहे, तोही तिच्यासारखा हातांनी बोलणारा. मुलगा गुणी आहे. माझं तर कधीच हो झालं. यांचं काय ते देव जाणे. विचारल्यावर यांनी हात उचलले आणि मध्येच थांबवले. म्हटलं, काय झालं? म्हणे, "चित्र गेला ना. कोनाला दावू हात?"

१० जानेवारी

पापड लाटायला पेणला गेले. सुट्टीत कारखान्याबाहेर उभं राहून किमयाला फोन लावला. लख्ख! नाकातली चमकीसुद्धा दिसली. पेणला फाइव्ह-जी येऊन जुनं झालं. आमचं कासू म्हणजे गाडीने पुढचंच स्टेशन, पण इथे दोन रेघा, आणि त्याही भरवशाच्या नाहीत.

हातांनी तिला म्हटलं, बाबांचं हो आहे, मी सांगते ना. तिने मान हलवली. मग लिहून पाठवलं — "तू माझ्यासाठी काहीही सांगशील. बाबांच्या हातांनी सांगू दे."

पोरगी आईला बरोबर ओळखते. यांनी मला अजून हो म्हटलेलंच नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. यांच्या हातून तिळाच्या लाडवांची वाटी पडली. गोड बोलायच्या दिवशीच माझं तोंड सुटलं. यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. राग आलाय तर दोन शब्द बोला, भांडा, पण हे असं दगडासारखं बसून राहणं मला सहन होत नाही.

हेच नाथा म्हात्रे किमयाशी बोलायला लागले की भुवया, गाल, मान, सगळं नाचायचं. बायका ओट्यावर बघायला बसायच्या. आता काय झालंय? लेक परगावी गेली म्हणून रुसलेत की जावई बोलता हवा होता?

१९ जानेवारी

नणंदेचा निलेश आला होता. पेणला मोबाइलच्या दुकानात असतो, त्याला सगळं ठाऊक. म्हणाला, "मामी, टॉवर उभा झालाय, फक्त वीज जोडायची बाकी हाय. माघी गणपतीपर्यंत फाइव्ह-जी आलाच समज."

मला नाचावंसं वाटलं. यांना आत जाऊन सांगितलं तर म्हणे, "येवढी घाई कसली?"

घाई कसली! म्हटलं, मग आता तरी सांगाल ना तिला?

"नेट आला की सांगतो."

२२ जानेवारी

मुकादम दिनानाथ रस्त्यात भेटला. मिठागराचं काम सुरू होऊन किती दिवस झाले, यांना बोलावणं नाही. विचारलं, तर इकडेतिकडे बघायला लागला. "नाथाला वाईच आराम करू दे, वहिनी. हल्ली हळू झालाय तो."

आळशी म्हणायचंय तर सरळ म्हण ना बाबा. घरी हेच मी रोज म्हणते. सदऱ्याची बटणं लावायला यांना माझी भाजी चिरून होईपर्यंत वेळ लागतो.

किमया लहान असताना हे तिला मिठागरावर घेऊन जायचे. मी पापडाला, सांभाळणार कोण? ती बांधावर बसायची आणि हे खाली लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढायचे. शाळेत ती नंतर खुणा शिकली, लिहायला-वाचायला शिकली. पण या दोघांची भाषा तिथलीच. दोन्ही हात लांब पुढे करायचे आणि छातीशी ओढून घ्यायचे. मीठ ओढतात तसे. म्हणजे हो. मीठ पिकलं, झालं मनासारखं. ही खूण गावात दुसऱ्या कुणाला येत नाही. मला येते, पण मी केली की किमया हसते. म्हणते, तुझं मीठ ओलं आहे.

तिला लग्नासाठी तेच हो हवंय.

२७ जानेवारी

टॉवर तसाच. त्यावर घारी बसतात.

१ फेब्रुवारी

माघी गणपती. फाइव्ह-जीचा पत्ता नाही. निलेशला फोन केला तर म्हणाला, "वीज मंडळाकडे अडकलंय, मामी." आमच्या नशिबात सगळं अडकायलाच येतं.

आरतीला हे माझ्या शेजारी उभे. सगळ्यांच्या टाळ्या एक आणि यांची आपली मागून. शेजारच्या हौसाने वळून बघितलंसुद्धा. मला लाज वाटली. देवापुढे तरी मन लावा.

घरी आल्यावर म्हटलं, टॉवरची कसली वाट बघताय? उद्या माझ्याबरोबर पेणला चला, तिथे किमया लख्ख दिसते. काय ते हो-नाही सांगून मोकळे व्हा.

"मी नाय येनार."

का?

"पाय दुखतान."

मग मात्र मी ऐकवलं. पोरीला झुलवताय. तुम्हाला बोलता जावई पाहिजे होता, गावात मिरवायला. स्वतःच्या पोरीची लाज वाटायला लागली का आता?

"तसा नाय गो," एवढंच म्हणाले. बाहेर जायला उठले, तर उठायलाच इतका वेळ लावला. मुद्दाम. मला चिडवायला.

५ फेब्रुवारी

किमयाचा मेसेज आला. शिमग्याशिवाय तिला सुट्टी नाही आणि प्रविणच्या आईला साखरपुडा शिमग्यातच करायचाय. आता कळवा म्हणते. बरोबर आहे त्या बाईचं, आपण तरी किती थांबलो असतो? खाली किमयाने लिहिलं होतं, "बाबा नाही म्हणत असतील तर मी नाही करणार लग्न. पण ते माझ्याकडे बघून हसत पण नाहीत. मी नको झाले का त्यांना?"

मी मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवलं. यांना वाचता येत नाही, पण ऐकता येतं ना.

यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. चेहरा मात्र जसाच्या तसा. ना ओठ थरथरले, ना कपाळ हललं. असं रडताना मी कुणाला बघितलेलं नाही. मला भीती वाटली. पदर पुढे केला तर म्हणाले, "येऊ दे नेट."

मला आता काही कळेनासं झालंय. चुलीवरचा भात करपला तरी उठले नाही.

८ फेब्रुवारी

आलं. दुपारी अचानक फोनवर पाच आकडा दिसला. निलेश गावभर पेढे वाटत सुटला, जणू टॉवर त्यानेच बांधला.

यांना ओटीवर बसवलं, मागे अंगण, चांगला उजेड. फोन मी धरला. किमया आली आणि मी बघतच राहिले. आमच्या घरात फोनवर ती अशी कधी दिसलीच नव्हती. हात कसे झरझर! तिने विचारलं, बाबा, करू?

यांनी हात उचलले. पुढे नेले. डावा थोडा आला, उजवा तिथेच राहिला. हवेत.

मी वाट बघितली. किमयाने वाट बघितली. चित्र कुठेही अडकलं नव्हतं.

मग मी ओरडले. आता कसलं निमित्त? आता तर नेट आहे ना? पोरीच्या तोंडावर नाही म्हणायचंय तर म्हणून टाका. यांनी हात खाली ठेवले, तेही किती सावकाश. किमया डोळे बारीक करून फोनच्या अगदी जवळ आली, काहीतरी बघत राहिली आणि तिने फोन बंद केला.

मी यांच्याशी बोलत नाही. जेवण वाढून ठेवलंय.

९ फेब्रुवारी

सकाळी किमयाचा मेसेज — "आई, काल बाबांच्या मागे कोंबडी दाणे टिपत होती. ती नीट दिसली. दोरीवरचं लुगडं हललं, तेही दिसलं. फक्त बाबा थांबले. नेट नाही, आई, बाबाच अडकतात. चेहरा पण. मी शिमग्यापर्यंत थांबत नाही, आज निघते. त्यांना डॉक्टरकडे न्यायचं आहे. त्यांच्यावर ओरडू नकोस."

यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "पोरीनं ओलकला गो. मी हो म्हनत व्हतो. हात येईत नाय."

मग म्हणाले, "लाव तिला फोन. आन तू माज्या मांगं बस, हात धर माजं."

फोन तांब्याला टेकवून ठेवला. मागे बसून यांची दोन्ही मनगटं धरली आणि आम्ही दोघांनी मिळून मीठ छातीशी ओढलं. जोर लावावा लागला. हात इतके ताठ झालेत, मला माहीतच नव्हतं.