कर्जमर्यादा आणि दोनशे चाळीस बेंच

५ जानेवारी, सोमवार

अर्थमंत्री झाले! किशोर सरांनी कॉलेजच्या अभिरूप विधानसभेसाठी चिठ्ठ्या टाकल्या, माझ्या चिठ्ठीत अर्थखातं निघालं. आणि विरोधी पक्षनेता कोण? माझी रूममेट आचल! राजापेठेतली आमची खोली केवढीशी, त्यात आता सरकार आणि विरोधी पक्ष एकाच गॅसवर चहा करणार.

विषय सरांनी फळ्यावर लिहिला. राज्याची कर्ज काढायची मर्यादा संपली आहे, केंद्र एक रुपया जास्तीचा काढू देत नाही. पण शाळा, रस्ते, दवाखाने — सगळ्यांना वचनं देऊन झालीत. मार्ग काढा. आणि वरून म्हणे, 'नेहमीचं नको, रागिणी. डोकं चालव.'

सतराला पहिली फेरी; सरकार आणि विरोधी पक्ष मिळून आमच्या कॉलेजचा एकच संघ. जिंकलो तर अकोल्याला अंतिम.

७ जानेवारी

सापडला मार्ग! सरकारनं स्वतः कर्ज काढायचंच नाही. एक महामंडळ उभं करायचं, कर्ज ते काढेल, हप्ते आपण भरू. आपल्या नावावर काहीच नाही! पळत सरांकडे गेले. सर चष्मा पुसत म्हणाले, 'जुनं झालं. केंद्र आता तेही राज्याच्याच कर्जात धरतं.'

हात हलवत परत.

८ जानेवारी

अमेरिकेत निघालेली एक आयडिया वाचली. प्लॅटिनमचं एकच नाणं पाडायचं, त्यावर किंमत टाकायची एक लाख कोटी डॉलर, आणि नेऊन बँकेत जमा! कर्जच नाही, तर मर्यादा कसली? तिथं भल्याभल्यांनी यावर चर्चा केली म्हणे.

आचल पोहे परतता परतता — 'अन् ते नाणं हरपलं त?'

तसंही राज्याला नाणं पाडता येत नाही. फुली.

९ जानेवारी

रोखे! छापील किंमत शंभर, पण व्याज इतकं भारी की लोक तो दीडशेला घेतील. मर्यादा छापील किमतीवर मोजली तर हिशेबात शंभरच. वरचे पन्नास मोकळे!

आचल : 'अन् ते भारी व्याज कोन भरन? पुढचं सरकार?'

हो, पुढचंच! पण हे सभागृहात बोलता येत नाही, एवढीच अडचण.

११ जानेवारी

डोकं रिकामं.

१२ जानेवारी

मिळालं!! अंघोळ करताना मिळालं. काम करून घ्यायचं, माल घ्यायचा, पण बिल द्यायचं नाही. म्हणजे द्यायचं, पण 'तरतूद आल्यावर'. हे कर्जात मोजतच नाहीत. वर व्याज शून्य! भाषणाचं वाक्यही तयार — 'आमचे सावकार बिनव्याजी आहेत, अध्यक्ष महोदय, आणि ते घरी वसुलीलाही येत नाहीत!'

सर इतके हसले की खोकला लागला.

१७ जानेवारी

जिंकलो! जिंकलो! सभागृह माझंच होतं. आचलनं चांगलं अडवलं — 'ज्याचं बिल अडकलं त्याच्या घरी चूल कशी पेटते?' मी म्हटलं, 'त्यासाठी आम्ही वेगळं खातं उघडू, फक्त तरतूद आल्यावर!' टाळ्याच टाळ्या. व्हिडिओ आईबाबांना पाठवला.

बाबांचा फोन नाही आला. आई म्हणाली, 'पायला त्याईनं. दोनदा पायला.' बस.

१८ जानेवारी, रविवार

सकाळच्या एसटीनं नांदगाव खंडेश्वरला गेले. बाबा वेल्डिंगच्या दुकानात एकटेच. दोन्ही कारागीर दिसले नाहीत. विचारलं तर म्हणाले, 'सोडलं त्याईले. पगार कुठून देऊ?'

मग ड्रॉवरमधून एक पावती काढून दाखवली. शाळेसाठी दोनशे चाळीस बेंच, मुख्याध्यापकांच्या शिक्क्यासकट. आठ लाख चाळीस हजार. चौदा महिने झाले! दर वेळी शिक्षण विभागाच्या कार्यालयातून एकच उत्तर — तरतूद आली की देऊ.

कालच्या टाळ्या आठवल्या.

'बाबा, पहिले काहून नाई सांगतलं?'

'तू अभ्यास करून राहिली होती न.' मग हसलेच. 'पन मस्त बोलली! मले त आता समजलं, मी सरकारले कर्ज देलं. मी समजत होतो बिल अटकलं!'

मला हसू येईना. त्यांनी पावती नीट घडी घालून ठेवली अन् हळूच विचारलं, 'व्याज मागता येते का मंग?'

१९ जानेवारी

आचलला सगळं सांगितलं. मला वाटलं, टोमणा मारेल. ती मात्र दोन तास मोबाइलवर काहीतरी शोधत बसली आणि एकदम ओरडली, 'येते! पंचेचाळीस दिवसांच्या वर झालं का लहान उद्योगाले व्याज द्याच लागते. चक्रवाढ! कायदाच हाय!'

बाबांच्या दुकानाची लहान उद्योग म्हणून नोंदणी आहे. अर्ज आचलनंच लिहिला. विरोधी पक्षनेत्याचं अक्षर सुंदर आहे.

२४ जानेवारी

बाबांनी अर्ज दाखल केला.

३१ जानेवारी

अकोला. पाच संघ, मोठं सभागृह. भाषण हातात होतं. 'आमचे सावकार बिनव्याजी आहेत' इथपर्यंत आले आणि कागद खाली ठेवला. म्हटलं, 'अध्यक्ष महोदय, ही योजना मी मागे घेते. यातला एक सावकार मला भेटला. बेंच बनवतो. त्याची बिलं आधी देऊ, मग नवी वचनं.'

बाक वाजवला तो फक्त आचलनं!

चौथे आलो. परतताना मूर्तिजापूरला सरांनी सगळ्यांना चहा पाजला. मग म्हणाले, 'मार्क नाही मिळत याचे. पण बरं केलंस.'

१० मार्च

कार्यालयातून बाबांना फोन. पूर्ण बिल देतो, व्याजाचा अर्ज मागे घ्या. बाबांनी मागे घेतला! मी फोनवर खूप भांडले. ते म्हणाले, 'बाई, मले कारागीर वापस बलवाचे हायेत.'

१४ मार्च

पैसे जमा. सोबत चारशे बेंचची नवी ऑर्डर, बिल तरतूद आल्यावर. बाबांनी ती घेतली, पण आधी दुकानाचे कागद माझ्यासमोर ठेवले. 'आजपासून मालक तू. मले व्याज मांगता नाई आलं, तू मांग.'

सही केली.