माझं ४०४ चं पान

६ जानेवारी, सकाळी ९
आजपासून वेबसाइटचं काम मी स्वतः बघणार. स्वरूपाची डाळिंब-पेरूची नर्सरी अंथुर्ण्यात माहीत आहे, जगात नाही. सोळा तारखेला बारामतीत शेतकी प्रदर्शन. पत्रकांवर वेबसाइटचा पत्ता आणि स्कॅन करायचा क्यूआर कोड छापून झालाय. कलमं तिनं दोन वर्षं जपलीत. आता बुकिंग झालं नाही तर पिशवीतच मुळं गुंडाळतील. बायको म्हणून ती काळजी करते. करू दे. टेक्निकल बाजू माझ्याकडे आहे.

७ जानेवारी
गंभीर उणीव सापडली! कुणी चुकीचा पत्ता टाइप केला तर कोरं पान येतं, वर इंग्रजीत ४०४. ना राम राम, ना काही. आपल्याकडे चुकून दारात आलेल्यालाही चहा विचारतात. स्वतःचं ४०४ पान बनवणार. तासाभराचं काम.
स्वरूपा म्हणाली, "अवो, बरोबर पत्त्यावर आलेल्याला आधी कलमांचं फोटो दावा की." तिला युजर एक्सपिरियन्स कळत नाही.

९ जानेवारी
तास अजून संपलेला नाही. एका फाइलीत एक ओळ लिहायची आहे. फाइलच दिसत नाही. हेल्पलाइनवरची मुलगी म्हणाली, नावाच्या आधी टिंब असलेली फाइल लपलेली असते. लपवायचीच होती तर ठेवली कशाला, असं विचारलं. तिनं रेटिंग मागितलं.

११ जानेवारी, दुपारी ३
फाइल सापडली. ओळ लिहिली. आख्खी साइट बंद. ओळ काढली, चालू. परत लिहिली, परत बंद. दोष रेंजचा. मोबाइल घेऊन टाकीवर चढलो. खालून आबांचा आवाज, "दिग्विजय, वर गेलाच हायस तर पानी किती हाय ते बघ." वडील असले तरी वेळकाळ नाही. बघितलं नाही. एकाग्रता भंगते.

१३ जानेवारी
डिझाइन पूर्ण. माझा हात जोडलेला फोटो (लग्नातला, बाकीची माणसं कापून). खाली ठळक: 'क्षमस्व! सापडत नाही. माहितीसाठी त्वरित संपर्क साधा.' नंबर स्वरूपाचा, फोन तीच उचलते.

१५ जानेवारी
जमलं!! एका व्हिडिओतल्या ओळी जशाच्या तशा टाकल्या. सतरा चुकीचे पत्ते टाकून बघितले, सतरा वेळा मी हात जोडून हजर. बरोबर पत्ता तपासला नाही. तो आधीपासून चालूच होता.

१६ जानेवारी, सकाळी ११, बारामती
पत्रकं हातोहात चाललीत. लोक स्कॅन करतात आणि मला निरखून बघतात. प्रसिद्धीची सवय करावी लागणार.

दुपारी १
कऱ्हाटीचे एक म्हातारे शेतकरी, सोपानतात्या, मोबाइल धरून आले. एकदा मोबाइल बघितला, एकदा मला. मग मोठ्यानं ओरडले, "आरं, ह्यो तर हितंच उभा हाय!"
तेव्हा मोबाइल बघितला. कुठलाही पत्ता टाका, मीच. फोटो, खाली 'सापडत नाही', त्याखाली बायकोचा नंबर. कलमं कुठंच नाहीत.
स्वरूपाला सकाळपासून एकतीस फोन. सगळे माझ्या चौकशीचे. शेवटचं कुठं दिसले, अंगात शर्ट कुठला. दोन शेतकरी तर स्टॉलवर कलमं घ्यायलाच आले होते. घरात असं झाल्यावर आता व्यवहाराचं नको, म्हणून परत गेले.
मला वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पत्रकं पालथी घालून मागं पेनानं 'डाळिंब, पेरू कलमं' लिहीत बसली. पेन मागितला तर दिला नाही.

१७ जानेवारी
त्या ओळी काढल्या. साइट ठीक. पण पानाचा फोटो व्हॉट्सअपवर फिरतोय. इंदापूरच्या तीन ग्रुपवर मी बेपत्ता आहे.

१९ जानेवारी, संध्याकाळी ६
निम्मी कलमं बुक झाली, पेनानं लिहिलेल्या पत्रकांवर. बाकीची शेडमध्ये आहेत.
आत्ता तिला परत फोन आला. मी पुढच्याच खोलीत होतो.
"व्हय, सापडलं की," ती म्हणाली. "घरातच हायत." मग थोडं ऐकून घेतलं. "न्हाय वो. उपेग काय न्हाय."