पहिलीची इंग्रजी पुस्तकं

पारगाव, डिसेंबर २००१

बाबा, जयभीम.

पुस्तकांच्या खोक्यावर बसून लिहिते आहे. उठले तर हेडसर ते पुण्याच्या दुकानात परत पाठवतील.

पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, म्हणून गोष्टींची पुस्तकं मी निवडून आणली. चित्रांतली मुलं कुठे तंबूत राहतात, कुठे झोपडीत. माझ्या वर्गातली निम्मी मुलं ऊसतोडीवाल्यांची. ती उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत राहतात, घरी बंजाऱ्यांची गोरमाटी बोलतात.

सर चित्रं बघून म्हणाले, “बाई, कोपीतली पोरं शाळंत येऊन परत कोपीच बघणार व्हय? जरा साहेबाची पोरं दाखवा की!”

म्हटलं, “साहेबाची पोरं त्यांना रोज जीपमध्ये दिसतात, सर.”

सोनी राठोड झोपडीतल्या मुलीवर बोट ठेवून म्हणाली, “बाई, ही गोरमाटी बोलती का?”

“नाही, इंग्रजी.”

“मंग मी बी बोलंन.”

शिक्षणसेवकानं इतकं ताणू नये, असं सर सांगून गेले. मला कायम व्हायला अजून दोन वर्षं आहेत; सरांचं बोलणं आईजवळ काढू नका. मी वेळेवर जेवते. तिचा गुडघा कसा आहे? तुम्ही चष्मा बदललात का?

पुस्तकं मात्र परत जाणार नाहीत.

तुमची यशोधरा

ता. क. काल शाळा सुटताना प्रत्येक मुलाला एकेक पुस्तक घरी दिलं. आज सकाळी पुस्तकं न्यायला टेम्पो आला आणि रिकामाच गेला. सरांनी मेमो दिला. मी सही केली आणि पहिलीच्या वर्गावर गेले.