नहराला घूस लागली त्याची हकीगत

साजटोला, व्हाया कोहमारा
मंगळवार, सकाळ

श्री. टेकचंदजी कापगते इवाईबुवा यांस साजटोल्याहून यादोराव गहाण्याचा रामराम पोचावा. इकडे मी आणि शांतीबाई बरे आहोत, म्हैस थोडी कमी बरी आहे. तुमच्या गुडघ्याचं कसं काय? इनबाईंचा खोकला थांबला असेल, तर ज्येष्ठमध कोणत्या दुकानातून आणला ते कळवा, कारण इकडे आता मला खोकला लागला आहे. आमची पुष्पांजली तुमच्या घरी नांदते म्हणून मी निश्चिंत असतो. जावईबापूंना आशीर्वाद.

फोन सोडून पत्र काऊन, असं तुम्ही म्हणाल. तर तुम्ही फोन स्पीकरवर लावता आणि माझं बोलणं तुमचं आख्खं अंगण ऐकतं. शिवाय बत्तीस वर्षं मी शाखा डाकपाल होतो, लोकांची पत्रं पोचवली, स्वतः मात्र कोणाला चार ओळी लिहिल्या नाहीत. (हे पत्र पोस्टात टाकत नाही, एसटीच्या कंडक्टरजवळ देतो. पोस्टाने कधी पोचेल हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?)

विषय तुम्हाला माहीतच आहे. नहराची पाळ आमच्या शिवारात फुटली, पाणी आमच्याकडे सांडलं आणि नहराच्या शेपटाला तुमच्या शेतातल्या बांध्या कोरड्या पडल्या. तुमचा धान गर्भात आलेला, आणि पंधरा दिवस पाणी नाही. तुमच्या गावात बाया पुष्पाला विहिरीवर ऐकवतात म्हणे, की तुझ्या बापाच्या गावानं आमचं पाणी पिलं. पोरीने मला हे सांगितलं नाही, शांतीबाईला सांगितलं, म्हणजे मला जास्त लागावं अशीच व्यवस्था झाली. तेव्हा पाळ का फुटली आणि कशी बांधली जात आहे ते पहिल्यापासून सांगतो, म्हणजे निदान तुमच्या घरी तरी खरं काय ते कळेल.

पोळ्याच्या पाचव्या दिवशी सकाळी मी दात घासत दारात उभा होतो, तर समोरच्या शाळेच्या पटांगणात पाणी आणि पाण्यात मासे. आधी वाटलं, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मग गुरुजी धोतर खोचून टोपली घेऊन पळताना दिसले, तेव्हा खात्री पटली. पाळीला वीस हात खिंडार पडलं होतं (गावात हा आकडा दुपारपर्यंत पन्नासावर गेला). सगळं गाव काठावर उभं राहून खिंडाराकडे पाहत होतं आणि जो तो कारण सांगत होता. कोणी म्हणे पाऊस जास्त झाला, कोणी म्हणे पाळीवरची झाडं तोडली म्हणून, कोणी म्हणे झाडं राखली म्हणून. एकाने सांगितलं की कचारगडच्या यात्रेला यंदा गावातून कोणी गेलं नाही, त्याचा हा परिणाम. मला मात्र खरंच जाणून घ्यायचं होतं. आपण कोहळी माणसं, आपल्या पूर्वजांनी तलाव बांधले, त्यांच्या पाळी अजून हलत नाहीत. मग हा सिमेंटच्या काळातला नहर एका रात्रीत कसा बसला? मी हे घरी बोललो, तर शांतीबाई म्हणाली, "तुमच्या आज्यानं तलाव बांधला जी, तुमच्यानं चूल लिपनं होत नाही."

दुपारी शाखा अभियंता आले. हिमांशुसाहेब नावाचा तरुण माणूस, नाशिककडचा, चिखलात बूट अडकला तर आधी बुटाची माफी मागेल असा सभ्य. पंचनाम्याला लिहिता येणारा माणूस पाहिजे होता, आणि पाणी वापर संस्थेचा सचिव म्हणून मी हजर होतोच. तुटलेल्या कडेला बिळं स्पष्ट दिसत होती, हात जाईल एवढी. मी सुवाच्य अक्षरात जबाब लिहून दिला. तो असा:

"सदर नहराच्या पाळीला घूस लागलेली होती. ही घूस आजकालची नसून फार जुनी आहे. ती खालपासून वरपर्यंत पोहोचलेली आहे. ती सहसा उजेडात येत नाही. गावात सर्वांना ठाऊक होते, परंतु आजवर कोणी तक्रार केली नाही. वेळीच बंदोबस्त न झाल्यास ती पुढच्या कामातही शिरेल."

इवाईबुवा, यात एक तरी शब्द चूक आहे का? उंदरापेक्षा मोठी, मांजराला न भिणारी, बांध पोखरणारी ती घूस. आपल्याकडे शेंबड्या पोराला कळते. पण गोंदियाहून एका हिंदी वर्तमानपत्राचा माणूस आला होता, त्याने माझ्या जबाबाचा मोबाइलवर फोटो काढला. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर छापून आलं, 'नहर को घूस खा गई: पूर्व डाकपाल का सनसनीखेज बयान', आणि खाली माझा फोटो, तोंड उघडं. त्यांच्या भाषेत घूस म्हणजे लाच हे मला काय नवीन आहे? गोंदियात अर्धं आयुष्य हिंदीत सौदा केला मी. पण लिहिताना माणूस बिळाकडे पाहत असतो.

त्याच दिवशी ठेकेदार आला. इंद्रकुमार त्याचं नाव. तीन वर्षांमागे ही पाळ त्यानेच दुरुस्त केली होती. गाडी सरळ माझ्या अंगणात. मला वाटलं मारतो आता. पण तो हळू आवाजात म्हणाला, "चाचाजी, आपको पता कैसे चला?" मी म्हणालो, दिसली. कब? दोनदा, एकदा तर पिल्लांसकट. इंद्रकुमार खाटेवर बसला. "मतलब, पूरा परिवार?" मी म्हणालो, हाँ, पूरा परिवार, और खा-खा के मोटी हुई है. त्याने पाणी मागितलं. त्याला त्या क्षणी कोण आठवलं हे मला अजून समजलेलं नाही, विचारावंसं फार वाटतं. शेवटी शांतीबाईने घराच्या मागे नेऊन त्याला एक बीळ दाखवलं, तेव्हा त्याच्या तोंडावर रंग आला. तरी जाताना माझ्या पाया पडून गेला.

पुढे वरच्या कार्यालयातून कागद आला की जबाबातील 'घूस' हा प्राणी समजावा की प्रकार, याचा खुलासा करावा. मी दीड पान खुलासा केला, शेपटीच्या लांबीसह. त्यावर दुसरा कागद आला, की प्राणी असल्यास चौकीदाराने वेळीच कळवले का नाही? आणि नहराच्या चौकीदाराला, म्हणजे आपल्या बकारामला, कामावरून घरी बसवलं. येत्या शुक्रवारी चौकशी आहे. तुम्ही बकारामला ओळखता, तुमच्याकडे पाणी पोचलं की नाही ते पाहायला सायकलवर यायचा तोच.

आता दुरुस्तीचं सांगतो, कारण ती पाहण्यासारखी गोष्ट आहे आणि मी रोज जाऊन पाहतो (हिमांशुसाहेब मला खुर्ची देतात, बहुधा मी मधे येऊ नये म्हणून). मला वाटायचं भोक पडलं की माती टाकायची. तसं नाही. आधी खिंडाराच्या दोन्ही कडा आणखी तोडल्या, पायऱ्या-पायऱ्या केल्या, म्हणजे नवी माती जुन्या मातीला धरते. गुळगुळीत कडेला ती नुसती टेकून राहते आणि मधून पाणी वाट काढतं. मग खालचा सगळा चिखल उपसला, कठीण जमीन लागेपर्यंत. मग चिकण माती, वीतभर थर, वर पाणी शिंपडायचं आणि दाबायचं, यंत्र पोचत नाही तिथे धुम्मसने ठोकायचं. माती तयार झाली की नाही हे साहेब कसं ओळखतात सांगू? मुठीत गोळा वळायचा आणि छातीच्या उंचीवरून खाली सोडायचा. भुगा झाला तर कोरडी, चपटा झाला तर ओली, दोन-तीन तुकडे झाले तर बरोबर. मी घरी कणकेवर करून पाहिलं, शांतीबाईने लाटणं उगारलं. आपले आजोबा थरावरून बैल फिरवायचे ते याचसाठी, हे मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळलं. इंद्रकुमार या वेळी एकही थर चोरत नाही. वर्तमानपत्राची दहशत मोठी. शुक्रवारी संध्याकाळी नहराला पाणी सुटेल. तुमचा धान वाचेल असं साहेब म्हणतात, आणि माझंही मन तेच म्हणतं.

बाकी सर्व ठीक. कळावे, लोभ आहेच तो कोरडा पडू देऊ नये.

आपला,
यादोराव गहाणे

ता. क. यापुढचं मनातल्या मनात वाचा.

ता. क. दुसरा. खालचा चिखल उपसताना चार इंची पाइप निघाला, पाळीच्या आरपार गेलेला. हिमांशुसाहेबांनी विचारलं, "काका, तुमच्याकडची घूस पाइपसुद्धा टाकते का?" सगळे हसले, मीही हसलो, सगळ्यांत जास्त मीच. तो पाइप माझा आहे. तीन उन्हाळ्यांपूर्वी मी टाकला, कारण माझ्या वरच्या बांधीला वाटपाच्या पाळीने कधी पाणी मिळत नव्हतं. पाणी आधी पाइपाच्या अंगाने झिरपलं, माती पोकळ झाली, घूस मागाहून राहायला आली. बकारामने तेव्हा पाहिलं होतं. म्हणाला, "डाकबाबू, हे बरं नाही जी," आणि गप्प बसला, कारण त्याच्या पोराचा नोकरीचा कागद मी पावसात चालत नेऊन दिला होता. आताही तो गप्पच आहे. नोकरी जाऊन राहिली तरी गप्प आहे. मला जेवण जात नाही, टेकचंदजी. शांतीबाई ताट वाढते आणि तेच उचलून म्हशीपुढे ठेवते. शुक्रवारी चौकशीत मी दुसरा जबाब लिहून देणार आहे आणि त्यात घूस हा शब्द नसेल. तुम्ही माझ्या बाजूला येऊन बसा, एवढंच मागणं आहे. ज्यांचा धान वाळायला आला त्यांच्यातला एक माणूस शेजारी असला तर मला उभं राहता येईल, आणि पुष्पाला हे वर्तमानपत्रातून कळण्याऐवजी तुमच्या तोंडून कळेल.

ता. क. तिसरा. पुष्पा राखीला आली तेव्हा सहज बोलून गेली की तुमच्याही बांधीच्या वरच्या अंगाला पाळीत एक हिरवा पाइप आहे. मी शांतीबाईलाही सांगितलेलं नाही. शुक्रवारी पाणी सुटायच्या आत तो निघाला पाहिजे. तुमच्या गुडघ्याने ते एकट्याचं काम नाही, म्हणून मी गुरुवारी सकाळच्या गाडीने धुम्मस घेऊन येतो. चिकण माती तेवढी भिजवून ठेवा.