परतीचं तिकीट

ता. ४

चि. ठकूस बाबांचे अनेक आशीर्वाद.

पत्र आणि सोबतचं विमानाचं तिकीट पोचलं. तीनदा वाचलं. तीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केली, सवय जात नाही. जाण्याच्या तारखेनंतर बरोबर एकवीस दिवसांनी परतीची तारीख आहे. बरं झालं, वेळेवर कळलं.

मागच्या पत्रात तू ‘आता कायमचे या’ लिहिलं होतंस, ते मी जरा जास्तच मनावर घेतलं. घरमालकांना खोली सोडतो म्हणून सांगून बसलो होतो. काल जाऊन शब्द मागे घेतला. तुझ्या आईचं शिलाई मशीन शेजारणीला देऊन टाकलं होतं, तेही परत आणलं. तिने तोंड वाकडं केलं.

तीन आठवडे पुष्कळ झाले. संध्याकाळी इथे फार एकटं वाटतं, पण ते अंगवळणी पडलंय. वाईट वाटून घेऊ नकोस.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.

बाबा

ता. ११

ती. बाबांस सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग तुमच्यावर चिडले. बाबा, नुसतं येण्याचं तिकीट जाऊन-येऊन तिकिटाच्या दीडपट होतं! म्हणून परतीचं घेतलं. तारीख काहीतरी टाकावीच लागते. तुमच्या बसला दोन फेऱ्यांचे दुप्पट पैसे पडतात, विमानवाल्यांचं सगळंच उफराटं. मी चहा गाळायला उठले तेवढ्यात भाडं वाढलं होतं. तुम्ही असं केलं असतं तर प्रवाशांनी तुम्हाला टपावर बसवलं असतं.

तुमची खोली आवरून ठेवलीय. खिडकीखालून बस जाते, कंडक्टरच्या चुका काढत बसा. सात वर्षं प्रयोगशाळेतून दमून येते आणि माझ्या दाराचं कुलूप मीच उघडते. एकदा तरी कुणी आतून दार उघडावं, एवढंच हवंय.

रागावले असले तरी माया कमी करू नका.

तुमची ठकू

ता. १९

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

खोली पुन्हा सोडली. घरमालक म्हणाले, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना? मशीन पुन्हा शेजारणीकडे गेलं. या खेपेला तिने मला शपथ घ्यायला लावली.

परतीच्या तिकिटाला माझ्या जुन्या पंचने भोक पाडलंय. भोक पडलेल्या तिकिटावर पुन्हा प्रवास नाही. विमानवाले हे मानतात की नाही, ठाऊक नाही. मी मानतो.

माझ्यासाठी जादा किल्ली करून घेऊ नकोस. तू येशील तेव्हा मी घरातच असेन.

बाकी समक्ष भेटीत.

बाबा